आण्णा वळतात

माझ्या कामाला लोक कंटाळतात, हे मी आजवर कौतुक म्हणून घेत आले. घ्यावंच लागतं. एक माणूस सहा तास कॅमेऱ्याकडे पाठ करून बसलाय आणि जळलेल्या विजेच्या मोटारीत तांब्याची तार भरतोय, एवढंच ज्यात घडतं त्या व्हिडिओला कुणी शिट्ट्या मारणार नाही. ‘पाठमोरे’ असं त्याचं नाव. परदेशातल्या दोन संग्रहालयांत तो लागला. तिथल्या लोकांनीही जांभया दिल्या, फक्त सभ्यपणे, हाताआड.

पाठ माझ्या वडिलांची आहे. आण्णा मगदूम, इचलकरंजीत मोटार वायंडिंगचं दुकान. यंत्रमागांचं गाव, मोटारी जळायच्या, धंदा बरा चालायचा. ठरलेलं लग्न मोडून मी कलाशाळेत गेले, तेव्हापासून आण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं. बऱ्याच वर्षांनी मी कॅमेरा घेऊन दुकानात उभी राहिले, तर आण्णा माझ्या धाकट्या भावाला, भरतला, म्हणाले, "तिला सांग, काय काढायचं ते मागनं काढ म्हणावं. मी वळणार न्हाई." मी चार पावलांवर उभी होते. भरतने मला निरोप दिला. मी मागनं काढलं. आण्णा शब्दाला जागले, सहा तासांत एकदाही वळले नाहीत. पुढच्याच वर्षी ते गेले.

आता मी कॉलेजात व्हिडिओ-कला शिकवते. पहिल्या तासाला मुलांना सांगते, टीव्हीने प्रेक्षकाला सतत भरवायचं ठरवलं तेव्हा काही हट्टी माणसांनी त्याला उपाशी ठेवायचं ठरवलं. तिथून आपला धंदा सुरू झाला. करमणुकीत माणूस स्वतःला विसरतो. आमच्या व्हिडिओसमोर त्याला स्वतःची फार आठवण येते. पाय अवघडतात, घरचं भांडण आठवतं, हा बाबा वळत का नाही म्हणून राग येतो. बहुतेक जण त्या रागातच उठून जातात. जो बसून राहतो, तो राग ओसरल्यावर पहिल्यांदा बघायला लागतो. मग त्याला मान दिसते, खांदे दिसतात, दुकानाचा कोपरा दिसतो. आणि तिथे काय बघायचं ते त्याला आधी सांगायचं नाही, हा माझा नियम. सांगितलं की माणूस बघत नाही, नुसता पडताळतो. या नियमावर मी पुस्तक लिहिलंय, भांडणं केलीत, दोन मित्र गमावलेत.

गेल्या वर्षी केतकी तेरदाळे माझ्याकडे आली. माझीच विद्यार्थिनी, आता कोल्हापूरच्या नव्या दृश्यकला केंद्राची प्रमुख. तिच्याकडे एक नवा पडदा आला होता. नाव ‘अनुनय’.

"मॅडम, तुमच्या मूळ फाइलला हात लावणार नाही," ती म्हणाली. "फक्त प्रेक्षकाला थोडी मदत."

ही थोडी मदत काय होती ते सांगते. आपला डोळा एका जागी खिळलेला वाटला तरी तो सेकंदाला तीन-चार बारीक उड्या मारत असतो. कंटाळा यायच्या आधी या उड्यांची लय बिघडते. बुबुळातली बाहुली आकसते, पापण्या जास्त मिटतात, गालांच्या कातडीखालचं रक्त कमी-जास्त होतं. ‘उठावं आता’ असं माणसाच्या मनात येण्याआधीच ते त्याच्या तोंडावर उमटलेलं असतं. अनुनयच्या चौकटीतले अवरक्त कॅमेरे ते वाचतात. मग यंत्र पुढच्या चित्राच्या अनेक शक्यता तयार करतं, आणि जिच्यामुळे त्या माणसाची नजर सुटणार नाही ती त्याच्यासमोर ठेवतं. पडद्यावरची सूक्ष्म भिंगं प्रत्येक खुर्चीकडे वेगळं चित्र धाडतात, आवाजही खुर्चीपुरताच. शेजारी शेजारी बसलेले नवराबायको दोन वेगळे व्हिडिओ बघून उठतात. यंत्राला बाप कळत नाही, राग कळत नाही, माफी कळत नाही. नजर टिकली का सुटली, तेवढंच त्याला कळतं.

चाचणीला मी एकटीच बसले. थोडा वेळ नेहमीची पाठ होती. मग आण्णांची मान हलली आणि ते वळले.

चेहरा त्यांचा नव्हता. असणार कसा? आण्णांचा चेहरा दिसेल असं काहीच त्या यंत्राला दिलेलं नव्हतं. कुणी भलताच म्हातारा सावलीत बसून माझ्याकडे बघत होता. बघता बघता त्याचं नाक बदललं. भुवया दाट झाल्या. कानावर केस आले. मी तोंडातून अवाक्षर काढत नव्हते, पण माझे डोळे ‘छे, असं नाही’, ‘हां, असंच’ म्हणत होते आणि यंत्र माझ्या डोळ्यांचं ऐकून चेहरा घडवत होतं. आवाजाचंही तेच. पुटपुटणं, खाकरणं, आधी परका, मग ओळखीचा. शेवटी माझे वडील माझ्यासमोर बसले होते आणि म्हणत होते, "जेवलीस का, पद्मा?"

मी खुर्ची पाडून बाहेर आले. बाथरूममध्ये तोंड धुतलं, परत धुतलं. केतकी पाण्याची बाटली घेऊन दारात उभी होती.

"हे माझं काम नाही," मी ओरडले. "माझ्या कामात तो माणूस वळत नाही! तेच तर काम आहे!"

"मॅडम, पण तुम्ही एकदाही इकडेतिकडे बघितलं नाहीत," ती म्हणाली.

खूप संतापले मी, आणि त्याच आठवड्यात सही केली. का केली, याला मोठं कारण नाही. वीस वर्षं रिकाम्या खुर्च्या पाहिलेल्या बाईला एकदा भरलेलं दालन बघायचं होतं. वर्षभरात कधीही काम काढून घ्यायचा हक्क मी करारात राखून ठेवला आणि स्वतःची समजूत घातली.

दालन भरलं. भरलं कसलं, ओसंडलं. सहा तासांच्या व्हिडिओला लोक डबे घेऊन यायला लागले. प्रत्येकाला पाठमोऱ्या माणसात आपलं कुणी ना कुणी सापडायचं, आणि ते वळायचं. कुणाचा मेलेला नवरा, कुणाचा परदेशी गेलेला मुलगा. एक निवृत्त मास्तर तर बाहेर येऊन सांगत होते की त्यांच्याकडे त्यांचे साहेब वळले आणि बढती दिली. वर्तमानपत्रांनी लिहिलं, मराठी व्हिडिओ-कला अखेर लोकांपर्यंत पोचली. मला सत्कारांना बोलावणी आली. मी शाली घेतल्या.

सहा महिन्यांत अनुनय घरोघरी आला. मोठा पडदा केंद्रात, पण त्याची छोटी भावंडं फोनमध्ये, बातम्यांमध्ये, पोरांच्या अभ्यासात. वर्गात फरक मला लगेच कळला. मुलं उद्धट झाली नव्हती, उलट बिचारी प्रयत्न करायची. पण माझ्या चेहऱ्यावर त्यांची नजर ठरेना. माझा चेहरा त्यांच्या डोळ्यांप्रमाणे बदलत नव्हता ना! एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "मॅम, तुम्ही बोलताय ते कळतंय, पण तुमच्याकडे बघवतच नाही." डॉक्टर लोकांनी याला एक लांबलचक नाव दिलं आणि ते नाव देऊन गप्प बसले.

मग रूपालीचा, भरतच्या बायकोचा, फोन आला.

"वन्सं, हे दुकान उघडंनात," ती म्हणाली. "रोज उठून कोल्हापूरला जात्यात. तुमच्या त्या पिच्चरला. मला वाटलं तुमास्नी ठावं असंल."

मला ठाऊक नव्हतं. आण्णांच्या माघारी दुकान भरतने चालवलं. आण्णांच्या हयातीतही खरं तर त्यानेच. शाळा सोडून तो त्यांच्या हाताखाली बसला, जन्मभर त्यांची बोलणी खाल्ली. ‘तुझ्या हातात जीव न्हाई’, ‘तार हाय ती, सुतळी न्हवं’. मला आण्णांचा अबोला मिळाला आणि भरतला त्यांचं बोलणं. दोघांत जास्त वाईट कुणाचं झालं हे मी ठरवू शकलेले नाही.

केंद्रात गेले तर भरत पहिल्या रांगेत बसला होता. दाढी वाढलेली, तोंड किंचित उघडं. मी शेजारी उभी राहिले तरी त्याला पत्ता नव्हता. मला त्या जागेवरून पडद्यावर नुसता राखाडी धुरळा दिसत होता. भरतच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. असा हसताना मी त्याला लहानपणीसुद्धा पाहिलेला नाही.

मध्यंतरात त्याला चहाला बाहेर काढलं. तो माझ्या खांद्यापलीकडे बघत बोलत होता.

"काय म्हणतात आण्णा?" मी विचारलं.

"काय न्हाई गं. माझं काम बघत्यात. कॉईल हातात घेऊन फिरवून बघत्यात, आणि म्हणत्यात, भरत्या, माझ्यापरास तुझा हात चांगला बसलाय." त्याने कप खाली ठेवला. "रोज म्हणत्यात. रोज नव्यानं."

"भरत, ते यंत्र आहे. तुझ्याच डोळ्यांतून काढून तुलाच दाखवतंय."

"मला काय कळत न्हाई व्हय? मोटारी बांधतोय मी, अक्का. यंत्र काय असतंय ते तुझ्यापरास मला जास्त ठावं हाय."

"मग मूळ व्हिडिओ बघ की. खरा."

"त्यात काय हाय? नुसती पाठ." मग पहिल्यांदाच त्याची नजर क्षणभर माझ्यावर आली. "हाय काय त्यात कायतरी? असलं तर सांग. तू सांगशील ते मी बघीन."

होतं. त्यात होतं, आणि ते त्याचं होतं. पण मी काय म्हणाले? "सांगून उपयोग नाही. तू बसून बघ, तुला स्वतःला दिसलं पाहिजे." आयुष्यभराची सवय ती. दारात भुकेलेला भाऊ उभा आणि मी त्याला पाकशास्त्र शिकवत होते.

"सहा तास कोण बसतंय," भरत म्हणाला आणि घंटा वाजल्याबरोबर आत गेला.

मी तडक केतकीच्या खोलीत गेले. तिने मला पडद्यावर एक आलेख दाखवला. मूळ ‘पाठमोरे’ लोकांना दाखवलं तेव्हा नजर कुठे कुठे सुटत होती त्याची रेघ. चौथ्या तासात रेघ जमिनीला टेकली होती.

"इथे कुणीच बघत नाही, मॅडम. त्यामुळे हा भाग अनुनय गाळूनच टाकतो. तिथे अगदी काहीच नाहीये."

तिथे काय आहे ते मला ठाऊक होतं. मलाही ते सहज दिसलेलं नाही, कितीतरी वेळा बघितल्यावर दिसलं. उन्हाळ्याची दुपार आहे. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांवर भरत झोपलाय, विशी-बाविशीचा. आदल्या रात्री जागून त्याने कुठल्याशा यंत्रमागवाल्याची मोटार बांधली होती. दुकानात एकच टेबलफॅन, तो आण्णांच्या अंगावर. आणि आण्णा न वळता, हातातलं काम न थांबवता, डावा हात मागे नेतात, चाचपडत फॅनची मान धरतात आणि ती भरतकडे फिरवतात. बस. पुढचा सगळा वेळ वारा भरतला, आणि आण्णांच्या बनियनवर घामाचा डाग मानेपासून कंबरेपर्यंत हळूहळू पसरत जातो. माझ्या सगळ्या कामात याहून मोलाचं काही नाही. त्या पाठीला लोक राग म्हणतात, समीक्षक आणखी काय काय म्हणतात. मला ती पाठ घामाने भिजताना दिसते.

"वर्ष संपत आलंय," केतकी म्हणाली. "पुढच्या सोमवारनंतर काम कायमचं आमच्याकडे राहील, घरच्या पडद्यांवरही जाईल. तुम्हाला काढून घ्यायचं असेल तर तोवर सांगा. मी अडवणार नाही."

"काढायचंच आहे," मी म्हणाले.

पण आधी भरतला दाखवायचं ठरवलं. नियम गेला खड्ड्यात. सोमवारी सकाळी मी मूळ फाइल आणि साधा जुना मॉनिटर घेऊन इचलकरंजीला गेले. रूपालीने दुकान उघडून झाडून ठेवलं होतं. भरत आला, पण तो माझ्या शब्दाला मान देऊन आला होता, मनाने नाही. मॉनिटर आण्णांच्याच बाकावर ठेवला.

"सहा तास न्हाई बसायचं हं, अक्का. दुपारच्या खेळाला जायचंय."

"नाही बसायचं. मी तुला नेमकी जागा दाखवते."

चौथा तास लावला. भरतने बघायला सुरुवात केली आणि त्याची नजर घसरली. छताकडे गेली, रस्त्याकडे गेली. तो ती ओढून परत आणायचा, ती परत जायची. पाच मिनिटांतच त्याच्या कपाळावर घाम आला. स्वतःच्या डोळ्यांशी असं झटणारा माणूस बघवत नाही. रूपालीने पदर तोंडाला लावला.

"वळत न्हाईत," तो म्हणाला.

"वळणार नाहीत. तू कोपऱ्यात बघ. तिथे कोण झोपलंय?"

"मी." त्याला जरा मौज वाटली. "किती बारीक हुतो."

मी काचेवर बोट ठेवलं. उभ्या आयुष्यात मी कुठल्याही प्रेक्षकासाठी असं बोट ठेवलं नव्हतं. "आता त्यांचा डावा हात बघ. सोडू नकोस. बघ, मागे आला. फॅन धरला. फिरवला. कुणाकडे फिरवला?"

भरत पुढे वाकला.

"आता बनियन बघ," मी म्हणाले आणि थोडं पुढे नेलं. "हा घाम. हा बघ, इथवर आला. शेवटपर्यंत त्यांनी फॅन परत घेतला नाही, भरत. तू झोपला होतास म्हणून."

भरत एकटक बघत होता. त्याची नजर सुटत नव्हती. मला वाटलं, जमलं. इतका आनंद मला कुठल्या संग्रहालयाने दिला नव्हता.

"परत दाव," तो म्हणाला.

मी परत दाखवलं. हात मागे आला, फॅन फिरला.

"झकास जमवलंस, अक्का," भरत म्हणाला.

"काय जमवलं?"

"हेच की. हात. घाम." त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, मायेने. "किती कष्ट घेतलं असशील माझ्यासाठी. मला बरं वाटलं बघ."

"मी काही केलेलं नाही! हे खरं आहे, भरत, जसं घडलं तसं आहे. माझ्या कॅमेऱ्याने टिपलंय."

"मग मला आदी का सांगितलं न्हाईस? आण्णा गेलं तवा सांगितलं न्हाईस. मागल्या खेपंला मी सोताहून इचारलं, तवा बी न्हाई. आणि आता बरं गावलं, माझं वेड घालवायच्या येळंला?" तो चिडलेला नव्हता, हे जास्त वाईट होतं. "असू दे. पण आण्णा असं करणारं न्हवतं गं. मी त्यांच्याजवळ राहिलोय. तू न्हाईस."

मी शपथ घेतली असती, आईची, कुणाचीही. पण ज्या माणसाला रोज त्याच्या मनातलं चित्र मिळतं, त्याला मनासारखं काही दिसलं की ते बनवलेलंच वाटणार. आणि मी ते त्याला आधीच सांगून दाखवलं होतं. तो बघत नव्हता, पडताळत होता.

"तिकडचं खोटं आहे हे तुला माहीत आहे," मी कशीबशी म्हणाले. "मग हे खोटं असलं तरी हेच का नाही चालत?"

भरतने चप्पल घातली. जरा विचार करून म्हणाला, "ह्यात माझी झोप लागल्याली हाय, अक्का. मला काय कळलंच न्हाई. तितं ते माझ्याकडं बघून बोलत्यात." मग दारातून मागे वळून म्हणाला, "बंद करू नगंस ते. रूपालीनं काय बी सांगू दे. आण्णा आता परत पाठ करून बसलं तर मी काय करू?"

तो बसस्टँडकडे गेला. मॉनिटरवर आण्णा तार भरत राहिले. मी बघत बसले, आणि मला जाणवलं की मीही वाट बघतेय. वर्षानुवर्षं बघितलेली ती पाठ, आणि मी तिच्यासमोर ‘वळा आता’ म्हणत बसले होते. फाइल बंद केली.

तेवढ्यात केतकीचा फोन आला.

"मॅडम, आज शेवटचा दिवस. काढायचं ना?"

रूपाली हातातला झाडू तसाच धरून माझ्याकडे बघत होती. तिला वाटत होतं, आता मी हो म्हणेन आणि संध्याकाळी नवरा घरी येईल. येईलही, पण येऊन कुणाकडे बघेल? त्याच्याकडचे आण्णा मी काढून घेणार होते, आणि माझ्याकडचे तर आत्ताच त्याने परत केले होते.

"ठेव," मी म्हणाले.

"नक्की?"

"ठेव, म्हटलं ना," मी म्हणाले आणि फोन ठेवला. रूपाली माझ्यासमोरच उभी होती.